क्रिप्टिक कोडे कोणाच्या मालकीचे?

इंग्रजी वर्तमानपत्रातले क्रिप्टिक शब्दकोडे म्हणजे साहेबाच्या क्लबातला खेळ, तो आपल्याला जमायचा नाही आणि जमला तरी उपयोग काय, हे मत आपल्याकडे इतके मुरले आहे की ते तपासून पाहण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. इंग्रजी उत्तम येणारी मराठी माणसेसुद्धा क्रिप्टिकची चौकट कोरी ठेवून पान उलटतात. मालवण, वेंगुर्ला किंवा देवगडात बसून कोणी लंडनच्या ‘द टाइम्स’चे नाहीतर ‘गार्डियन’चे कोडे सोडवतो म्हटले, तर कौतुकापेक्षा ‘हा शिष्टपणा कशाला’ हाच सूर अधिक लागतो. या मतामागे तीन आक्षेप असतात. पहिला, ब्रिटिश संस्कृती अंगात मुरलेली नसेल तर ही कोडी सुटत नाहीत. दुसरा, त्यातला क्लू म्हणजे कोडेकाराची मनमानी, सगळा अंदाजपंचे कारभार. तिसरा, हा प्रकार मराठीच्या लिपीला मानवणारा नाही, तेव्हा शिकूनही पदरात काही पडणार नाही. तिन्ही आक्षेप टिकत नाहीत. उलट शब्दकोड्यांच्या सगळ्या प्रकारांत परक्या वाचकाशी सर्वांत सचोटीने वागणारा प्रकार क्रिप्टिकच आहे, कारण उत्तर बरोबर आल्याचा पुरावा तो क्लूच्या पोटातच ठेवतो.

क्लूची बांधणी आधी पाहायला हवी, कारण अर्धा गैरसमज तिथेच आहे. साध्या शब्दकोड्यात ‘पाणी (२)’ एवढेच दिलेले असते. उत्तर जल, नीर, तोय यांपैकी काहीही असू शकते आणि आडव्या-उभ्या शब्दांतून एखादे अक्षर मिळेपर्यंत सोडवणाऱ्याने नुसती वाट पाहायची असते. क्रिप्टिक क्लू उत्तराकडे दोन वाटांनी नेतो. त्याच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो आणि उरलेल्या भागात त्याच उत्तराच्या अक्षरांची फोड असते. ‘सेलर टु ऑब्टेन गोल (६)’ असा एक इंग्रजी क्लू घेऊ. वाचताना गोल मारायला निघालेला खलाशी डोळ्यांसमोर येतो. तो दिशाभुलीसाठीच आणून उभा केलेला आहे. खलाशाला इंग्रजी बोलीत ‘टार’ म्हणतात, मिळवणे म्हणजे ‘गेट’, दोन्ही जोडले की ‘टार्गेट’, आणि शेवटचा ‘गोल’ हा त्याचा सरळ अर्थ. इंग्रजी स्पेलिंगची तीन आणि तीन, सहा अक्षरेही जुळली. आता हे उत्तर बरोबर आहे का, हे कोणाला विचारायला नको आणि उद्याच्या अंकाची वाटही पाहायला नको. दोन्ही वाटा एका ठिकाणी मिळाल्या की काम झाले. एकच वाट पोचली असेल तर शोध अजून बाकी आहे.

मनमानीचा आक्षेप या प्रकाराच्या बाळपणाला लागू होता, हे मान्य करायला हरकत नाही. पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’मध्ये छापून आले. ते रचणारे आर्थर विन मूळचे लिव्हरपूलचे, पण कोडे नुसत्या अर्थावर चालणारे, साधे होते. त्याला क्रिप्टिक वळण लागले ते पुढच्या दशकात ब्रिटनमध्ये. एडवर्ड पॉइस मॅथर्स यांनी १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये ‘टॉर्केमाडा’ या नावाने कोडी रचली. ‘द टाइम्स’चे पहिले कोडे १ फेब्रुवारी १९३० चे. टॉर्केमाडा हा स्पेनमधल्या धर्मन्यायसभेचा कुप्रसिद्ध प्रमुख, म्हणजे सोडवणाऱ्याचा छळ करण्याचा इरादा नावातच जाहीर केलेला होता. पुढे याच लोकांनी स्वतःला वेसण घातली. ‘अ‍ॅफ्रिट’ या नावाने लिहिणाऱ्या ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्ये दंडक मांडला की कोडेकाराने वरवर काय वाटेल ते भासवावे, पण त्याच्या शब्दांची नीट फोड केली की नेमके उत्तरच निघाले पाहिजे. टॉर्केमाडाच्या जागी आलेले ‘झिमेनीज’, म्हणजे डेरिक मॅकनट, यांनी १९६६ च्या आपल्या पुस्तकात त्याची नियमावली केली: नेमका अर्थ, प्रामाणिक फोड आणि त्याखेरीज एक शब्दही फालतू नको. सगळे कोडेकार इतके कर्मठ नाहीत. ‘गार्डियन’चे ‘अराउकारिया’, जॉन ग्रॅहम, मोकळेपणासाठीच लोकप्रिय होते. पण त्यांनी मोकळीक घेतली आहे हे कळते, कारण नियम ठाऊक आहे. नियम नसलेल्या खेळात कोणी मोकळीक घेतली हे कळायलाही मार्ग नसतो.

अंदाज आणि कौशल्य यांतला हा फरक आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात प्रवेश फी घेऊन बक्षिसे वाटणाऱ्या शब्दकोड्यांचे पेव फुटले होते. बंगळुरूहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ साप्ताहिकातली आर. एम. डी. चमारबागवाला यांची ‘आरएमडीसी क्रॉसवर्ड्स’ ही स्पर्धा मुंबई राज्यातही चालत असे. मुंबई सरकारचा १९४८ चा लॉटरी आणि बक्षीस स्पर्धा कायदा १९५२ च्या दुरुस्तीने राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांच्या स्पर्धांनाही लागू झाला आणि प्रकरण कोर्टात गेले. मालवण तेव्हा मुंबई राज्याच्या रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. म्हणजे हा कायदा या किनाऱ्याचाही होता. ज्या कोड्याचे उत्तर चालकांनी आधीच ठरवून ठेवलेले असते किंवा जे सोडतीने ठरते, ते या कायद्याच्या कक्षेत येई. ९ एप्रिल १९५७ च्या निकालात सरन्यायाधीश एस. आर. दास यांच्या पीठाने सांगितले की अशी स्पर्धा जुगाराच्या जातीची आहे आणि जुगाराला व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण नाही. १९५५ च्या केंद्रीय बक्षीस स्पर्धा कायद्याबद्दल त्याच दिवशी दिलेल्या दुसऱ्या निकालात, ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते ती या बंधनांत येत नाही, असाही खुलासा केला.

खटला क्रिप्टिक कोड्यांचा नव्हता, पण कसोटी त्यांना लावून पाहण्यासारखी आहे. कोणी म्हणेल, क्रिप्टिकचे उत्तरही कोडेकाराने आधीच ठरवलेले असते. असते, गणिताच्या पेपरचेही असते. प्रश्न असा आहे की ते उत्तर दिलेल्या मजकुरातून तर्काने निघते का, की दोन-तीन सारख्याच लायकीच्या शब्दांतून चालकाच्या मनातला शब्द ओळखायचा असतो. ‘पाणी (२)’ पुढे ‘जल’ लिहिणारा हरला आणि ‘नीर’ लिहिणारा जिंकला, तर तिथे बुद्धीचा निवाडा कुठे झाला? परक्या वाचकाला तर हा फरक फारच महत्त्वाचा. नुसत्या अर्थाच्या कोड्यात स्थानिक माणसाला कोणता प्रतिशब्द ‘कानाला बरा वाटतो’ याचा फायदा मिळतो आणि बाहेरच्याला तो कधीच मिळत नाही. क्रिप्टिकमध्ये कानाला काय वाटते याला किंमत नाही. फोड जुळली पाहिजे, मग सोडवणारा केंब्रिजचा असो की मालवणचा.

आता संस्कृतीचा आक्षेप. त्यात तथ्यांश आहे आणि तो नाकारण्यात शहाणपण नाही. एक्स आणि डी या ब्रिटनमधल्या नद्या, ईटन ही शाळा, लंडनच्या पूर्व भागातल्या बोलीत शब्दारंभीचा ‘ह’ गाळण्याची सवय, हे सगळे क्लूंमध्ये येते आणि आपल्याला ते शाळेत शिकवलेले नसते. पण हा साठा अथांग नाही. कोडेकाराला लागतात ती लहान, जोडकामाला सोयीची अक्षरे, म्हणून तीच तीच नावे फिरून फिरून येतात. एक्स नदी महान आहे म्हणून येत नाही, तीन अक्षरी आहे म्हणून येते. शिवाय यातले बरेच सामान खुद्द ब्रिटिशांच्या बोलण्यातूनही केव्हाच हद्दपार झाले आहे. ‘एसए’ या दोन अक्षरांना लैंगिक आकर्षण असा अर्थ होता तो १९२० च्या दशकात. आज तो जिवंत आहे फक्त कोड्यांत. लंडनमधल्या विशीतल्या मुलालाही तो कोडी सोडवूनच शिकावा लागतो. क्रिप्टिकची भाषा कोणाचीच मातृभाषा नाही. सगळेच ती मोठेपणी शिकतात आणि इंग्रजी मातृभाषा असलेला पहिल्या दिवशी तितकाच गोंधळतो. किंबहुना त्याची एक अडचण परक्याला नसते. वाक्याचा वरवरचा अर्थ त्याच्या डोक्यात आपोआप शिरतो, तर परका वाचक शब्द न् शब्द सुटा करून पाहतो, आणि फोड करायला नेमकी तीच नजर लागते.

उरलेल्या सामानातही आपल्या ओळखीचे पुष्कळ निघते. क्रिकेटचे घ्या. धावेला ‘आर’, झेलबादला ‘सी’, निर्धाव षटकाला ‘एम’, शून्यावर बाद झालेल्याचे ‘डक’ म्हणजे ‘ओ’ हे अक्षर. धावफलक वाचता येणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. समुद्राचे सामान तर किनाऱ्याच्या माणसाला जवळचेच. क्लूत खलाशी आला की ‘एबी’ ही अक्षरे निघतात. ही कोड्यातली सांकेतिक भाषा वाटते, पण व्यापारी जहाजांवर ‘एबल सीमन’ या हुद्द्याचे ते रोजचे नाव आहे आणि ज्या घरातली माणसे बोटीवर चढली त्या घरात ते माहीत असते. जहाजाला ‘एसएस’, म्हणून ‘जहाजात’ काही ठेवायचे म्हणजे दोन ‘एस’च्या मध्ये ठेवायचे. ‘पोर्ट’ म्हणजे बंदर, तोच शब्द जहाजाच्या डाव्या बाजूला, आणि एका दारूलाही. ब्रिटिश संस्कृती म्हणून ज्याला आपण बिचकतो त्यातला मोठा हिस्सा दर्यावर्दी आहे, आणि दर्या काही त्यांच्या एकट्याचा नव्हता.

बुद्धीची जी कसरत इथे लागते तीही आपल्याला नवी नाही. संस्कृतातला ‘केशव’ पडल्याचा प्रसिद्ध कूटश्लोक पाहा. वरवर पाहता केशव पडतो, द्रोणाला आनंद होतो आणि कौरव आक्रोश करतात, म्हणजे सगळेच उलटे. फोड केली की ‘के’ म्हणजे पाण्यात, ‘शव’ म्हणजे प्रेत, द्रोण म्हणजे डोमकावळा आणि कौरव म्हणजे कोल्हे. पाण्यात पडलेले प्रेत कावळ्याला मिळाले आणि काठावरचे कोल्हे रडत बसले. वरचा देखावा फसवा, खालची फोड चोख, ही अस्सल क्रिप्टिक रीत झाली. महाभारतात असे ८,८०० कूटश्लोक घालून व्यासांनी गणपतीला लिहिता लिहिता विचारात पाडले, अशी परंपरा सांगते. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकांचे सोळा प्रकार केले. मराठीत मोरोपंतांनी प, फ, ब, भ, म हे ओठांचे वर्ण टाळून ‘निरोष्ठ रामायण’ रचले, म्हणजे रामायणात ‘राम’ हे नावही वर्ज्य. तळकोकणात आणि गोव्यात हुमाण घालण्याची रीत आहे, आणि दशावतारात लिहिलेली संहिता नसताना उभ्या उभ्या कोटीला कोटी भिडवली जाते. शाळेतल्या व्याकरणाच्या तासाला ‘संधी सोडवा’, ‘समासाचा विग्रह करा’ म्हणतात, ती क्रिप्टिकचीच पूर्वतयारी. मात्र इथे एक सावधगिरी हवी. हे सगळे आमच्याकडे आधीच होते, असा फुशारकीचा निष्कर्ष यातून निघत नाही. आडव्या-उभ्या चौकटीत एकमेकांना अडकलेले शब्द आणि प्रत्येक क्लूमध्ये अर्थ व फोड दोन्ही दिलीच पाहिजेत ही सक्ती, या दोन गोष्टी आपल्या कूटांत नव्हत्या. कौशल्य आपल्याकडे आहे, करार त्यांनी केला. तो चांगला असेल तर घ्यावा.

तिसरा आक्षेप सर्वांत तांत्रिक, म्हणून तो उदाहरणांनीच तपासावा. म्हणतात की इंग्रजीत एकेका अक्षराला संक्षेप म्हणून अर्थ आहे, मराठीत तसे सुटे सामान नाही. पण ते लग्नपत्रिकेत आणि पोस्टाच्या पत्त्यात पडलेले आहे. ‘चिरंजीवांना वडा, दिवाळीचा फराळ (३)’: चि. आणि वडा, चिवडा. ‘तालुक्यातले युद्ध, कर्जासाठी ठेवावे लागते ते (३)’: ता. आणि रण, तारण. ‘कु.’ ‘सौ.’ ‘जि.’ ‘पो.’ आहेत, सा-रे-ग-म आहेत आणि संस्कृतातून आलेले एकाक्षरी शब्द आहेत. ‘मा’ म्हणजे लक्ष्मी, म्हणून तर विष्णू माधव. तेव्हा ‘लक्ष्मीपाठोपाठ मीठ आले, ते सिंधुदुर्ग किल्ल्यासमोरचे गाव (४)’ याचे उत्तर मा आणि लवण, मालवण. ‘पापानंतर उशीर, तरी ताटात महागडा मासा (४)’ याचे उत्तर पाप आणि लेट, पापलेट. उलटापालट तर आपण लहानपणापासून जाणतो. ‘मरा मरा’ म्हणता म्हणता वाल्याच्या तोंडी ‘राम’ आला, ही कथा कोणाला माहीत नाही? त्याच चालीवर ‘समुद्राला मिळते ती, गरिबाने पाठ फिरवल्यावर (२)’: दीन उलटा वाचा, नदी. ‘लेट’ सोडला तर यातल्या एकाही क्लूत इंग्रजी धाटणीची उसनवारी करावी लागलेली नाही.

खऱ्या अडचणी वेगळ्याच आहेत आणि आक्षेप घेणारे त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. ‘बिघडलेला नवरा, झाडावर उड्या मारणारा (३)’ याचे उत्तर वानर. पण ते निघायचे तर ‘रा’चा काना सोडवून ‘व’ला लावावा लागतो. काना-मात्रा अक्षराबरोबरच हलणार की सुट्ट्या हलणार, हे कोडेकाराने आधी जाहीर करायला हवे, ह्रस्व-दीर्घाचेही तसेच. दुसरी अडचण सामान्यरूपाची. विस्कटायचा शब्द क्लूत जसाच्या तसा यावा लागतो. ‘नवरा’ चालतो, ‘नवऱ्याला’ म्हटले की अक्षरे बदलली आणि फोड बुडाली. तिसरी लिंगाची. ‘समुद्राला मिळते ती’ म्हणताच उत्तर स्त्रीलिंगी आहे हे फुटते, जी अडचण इंग्रजीत फारशी येत नाही. या तिन्ही अडचणी नियम ठरवून आटोक्यात येणाऱ्या आहेत. जोडाक्षराला एक घर द्यायचे आणि मोजणी अक्षरांची करायची, हे मराठी शब्दकोड्यांनी कधीच ठरवून टाकले आहे आणि त्यावर कोणी तक्रार करत नाही. उरलेले संकेत ठरवायला एका कोडेकाराचा हट्ट आणि एका संपादकाचे पान पुरेसे आहे. ब्रिटनमध्येही १९२६ ते १९६६ एवढा काळ याच कामात गेला.

शेवटी एक आक्षेप उघडपणे मांडला जात नाही, पण मनात असतो: हे गुलामीचे लेणे मिरवायचे कशाला? सिंधुदुर्ग जिल्ह्याने तरी तो घेऊ नये. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले. वर्तमानपत्र हा आकारच तेव्हा परका होता, आणि ‘दर्पण’मध्ये तर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापत. त्यातून मराठी पत्रकारिता उभी राहिली आणि तिला कोणी साहेबाची म्हणत नाही. ‘द हिंदू’मधले रोजचे क्रिप्टिक कोडे भारतीय कोडेकारच टोपणनावांनी रचतात, तेही ब्रिटिशांची नक्कल म्हणून कोणी सोडवत नाही. रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणायचे तर बुद्धिबळालाही म्हणावे लागेल. आणि आता यंत्राला विचारले की उत्तर मिळते, म्हणून सोडवण्यात अर्थ उरला नाही, हा युक्तिवाद हातात कॅल्क्युलेटर आला म्हणून हिशेब समजून घेणे सोडून देण्याइतकाच लंगडा आहे.

तेव्हा मागण्या दोन. किनाऱ्यावरच्या ज्या वाचकाला ब्रिटिश कोड्याची चौकट खुणावते त्याने ती कोणाची परवानगी न घेता उघडावी. उत्तर अडले तर ते बघावे, पण त्याची फोड स्वतः करून मगच पान उलटावे, कारण शिकणे फोडीत आहे. आणि मराठी दैनिकांनी व दिवाळी अंकांनी निदान एक चौकट अर्थ आणि फोड या दोन्हींच्या कराराने रचलेल्या कोड्याला द्यावी, नियम वर छापून आणि उत्तरांच्या फोडी पुढच्या अंकात देऊन. ‘पाणी (२)’ छापून वाचकाला तिष्ठत ठेवण्यापेक्षा त्याच्या बुद्धीवर एवढा विश्वास टाकणे संपादकांना परवडेल. मराठी वाचकाला हे झेपणार नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी एक वर्ष छापून पाहावे आणि मग बोलावे.